1914 चा जुलै महिना तासांच्या हिशेबाने कसा अभ्यासावा

साराजेव्हो येथे 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांची हत्या झाली आणि 4 ऑगस्टला ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले. या काळाचा अभ्यास करताना केवळ तारखांची यादी 23 जुलैपर्यंत पुरते. त्या संध्याकाळी ऑस्ट्रियाने सर्बियाला 48 तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता दिल्यानंतर मात्र कोणता हुकूम किती वाजता सुटला, यावरच युद्धाच्या जबाबदारीचा सारा वाद उभा राहतो.

म्हणून प्रथम एक कोष्टक आखावे. व्हिएन्ना, बेलग्रेड, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन, पॅरिस आणि लंडन यांना एकेक रकाना द्यावा आणि प्रत्येक तारेची सुटण्याची व वाचली जाण्याची वेळ वेगवेगळी नोंदवावी. सर्बियाचे उत्तर 25 जुलैला संध्याकाळी दिले गेले, पण जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म यांनी ते 28 तारखेला सकाळी वाचले आणि आता युद्धाला कारण उरले नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारले. रशियन कागदपत्रांतील तारखा जुन्या पंचांगानुसार 13 दिवस मागे असतात, त्या आधीच बदलून घ्याव्यात.

यापुढील काम अधिक नाजूक आहे. लष्कराची जमवाजमव आणि युद्धाची घोषणा या नोंदी एकत्र करू नयेत, कारण जमवाजमवीचा अर्थ प्रत्येक देशात निराळा होता. रशियाचे सैन्य गोळा होऊन सीमेवर थांबू शकत होते. जर्मनीच्या योजनेत मात्र बेल्जियममधील लिएजचा किल्ला तातडीने घेणे गृहीत असल्याने तिथे जमवाजमव म्हणजे जवळजवळ युद्धच होते. झार निकोलस यांनी 29 जुलैला सर्वंकष जमवाजमवीला दिलेली संमती कैसरची तार आल्यावर रात्री मागे घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या आग्रहावरून पुन्हा दिली. माझ्या मते संपूर्ण कोष्टकात सर्वाधिक बारकाईने भराव्यात अशा नोंदी याच आहेत. त्यानंतर 31 जुलैला जर्मनीने रशियाला 12 तासांची मुदत दिली आणि 1 ऑगस्टला युद्ध पुकारले.

साधनांबाबत सावध राहावे. युद्ध सुरू झाल्यावर सरकारांनी आपापली बाजू मांडणारे दस्तऐवजांचे संग्रह छापले, पण त्यांत काटछाट आणि भर दोन्ही होती. फ्रान्सच्या 'पिवळ्या पुस्तकात' रशियातील फ्रेंच राजदूत पालेओलोग यांच्या एका छोट्या तारेत मजकूर वाढवून, रशियाची सर्वंकष जमवाजमव ऑस्ट्रियाच्या जमवाजमवीमुळे झाली, असे दाखवले आहे. कोष्टकात तासांची नोंद असेल तर रशियाचा हुकूम 30 जुलैचा आणि ऑस्ट्रियाचा 31 जुलैचा, हे तिथल्या तिथे दिसते.