साखळी टाका : पोथीच्या खुणेपासून नंदीच्या झुलीपर्यंत

भरतकामाचा नवा टाका शिकताना बहुधा एखाद्या चिंधीवर सरळ ओळी घालून पाहिल्या जातात आणि ती चिंधी पुढे कोठेतरी पडून राहते. अशाने सुईची हालचाल कळते, परंतु टाका हातात बसत नाही. कारण चिंधीवर ओळ वळवावीच लागेल, टोक गाठावेच लागेल किंवा दोन टोके जुळवावीच लागतील, अशी वेळ कधी येत नाही. त्यापेक्षा वापरात येतील अशा चार लहान वस्तू निवडाव्यात आणि त्या अशा क्रमाने कराव्यात की प्रत्येक वस्तूत त्याच टाक्याची एकच नवी अडचण समोर यावी. येथे साखळी टाका घेतला आहे, कारण सरळ रेघ, वेल, टोकदार पान आणि पूर्ण भरीव आकृती ही चारही कामे तो एकटा करू शकतो. ब्लाउजवर सध्या जे आरी वर्क केले जाते, त्याचाही पाया हीच साखळी आहे; फरक इतकाच की तेथे सुईऐवजी आकडी असते.

कापड सुती असावे आणि त्याची वीण डोळ्यांना दिसेल इतके जाडसर असावे. खादी किंवा मांजरपाट यासाठी उत्तम. टेरिकॉटमधून सुई सहज जात नाही आणि मलमल दोऱ्याच्या ओढीने गोळा होते, म्हणून पहिल्या वेळी ही दोन्ही कापडे टाळावीत. वर्ध्याकडे जाणे झाल्यास तेथील १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात खादी प्रत्यक्ष हाताळून पाहता येते आणि हातमागाच्या विणीचा अंदाज येतो. नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच घ्यावे. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, भरलेला दोरा तितका आटत नाही, आणि मग नक्षीभोवती ज्या चुण्या पडतात त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत.

दोऱ्यासाठी सहा पदरी सुती लडी घ्यावी, जी दुकानात अनेकदा रेशीम म्हणूनच मागितली जाते. खादीवर शिकताना तीन पदर पुरेसे होतात. ते एकदम न ओढता एकेक पदर सुटा करून मग एकत्र करावेत, म्हणजे गुंता होत नाही आणि टाका अधिक भरदार दिसतो. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर घ्यावा; वारंवार ओवण्याचा कंटाळा म्हणून लांब घेतलेला दोरा कापडातून पुन्हापुन्हा गेल्याने शेवटी पिंजून निघतो. भरतकामाची सात नंबरची सुई तीन पदरांना योग्य असते. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात सुया निवडताना लक्षात ठेवावे. लाल, काळा आणि गडद निळा दोरा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. फडक्यावर रंग उतरला तर तो दोरा धुवाव्या लागणाऱ्या वस्तूसाठी घेऊ नये.

हातांचीही थोडी तयारी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकदार कडांनी बोटे खरखरीत होतात आणि त्या खरखरीत कातडीला दोऱ्याचे पदर अडकतात. बेसनाने हात चोळून धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. तेल लावून लगेच बसू नये, कारण तेलाचा डाग कापडावर उतरतो. वैशाखात घामाने सुई निसटते आणि फिकट कापड मळते, तेव्हा दुपारऐवजी सकाळीच ओसरीवर, उजेड डावीकडून येईल असे बसावे.

टाक्याची घडण

साखळीची ओळ वरून खाली, आपल्या दिशेने येते. कापडावर पेन्सिलीने फिकट रेघ आखावी; बॉलपेनची शाई धुताना पसरते, म्हणून तो वापरू नये. दोऱ्याला गाठ न मारता मागे तीन बोटे शेपूट सोडावे आणि सुई रेघेच्या वरच्या टोकाला, कापडाच्या सुलट बाजूने बाहेर काढावी. आता दोरा डाव्या अंगठ्याखाली दाबून धरावा, सुई जेथून बाहेर आली त्याच छिद्रात पुन्हा घालावी आणि रेघेवर साधारण तीन मिलिमीटर खाली तिचे टोक बाहेर काढावे. अंगठ्याखालचा दोरा सुईच्या टोकाखालून गेलेला असला पाहिजे. मग सुई हलकेच आपल्या दिशेने ओढली की दोऱ्याचा फास आवळत जातो आणि एक कडी तयार होते. पुढचा टाका या कडीच्या आतून, पुन्हा त्याच छिद्रातून सुरू होतो. डावखुऱ्यांनी हीच क्रिया आरशातल्याप्रमाणे करावी, म्हणजे फास उजव्या अंगठ्याने धरावा.

ओढ किती द्यावी, हाच या टाक्यातला खरा अभ्यास आहे. कडी थेंबाच्या आकाराची, मध्ये किंचित पोकळ दिसली पाहिजे. ती मिटून नुसती जाड रेघ दिसू लागली तर ओढ जास्त होत आहे, आणि कडी कापडावरून उचलली जात असेल तर ती कमी पडत आहे. इंचाला आठ कड्या हे प्रमाण आरंभी ठीक असते. उलट बाजूस एकाला एक लागून आलेल्या लहान टिपांची सरळ ओळ दिसते. मागे वाकडेतिकडे दोरे दिसत असतील, तर सुई मागच्या छिद्रात न जाता बाजूला जात आहे असे समजावे.

लाकडी फ्रेम पाच इंचांची पुरे, परंतु तिच्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. फ्रेममध्ये कापड ढोलासारखे ताणले तर सुई एका दमात आत-बाहेर करता येत नाही, प्रत्येक टाका दोन हालचालींत घालावा लागतो आणि फास अंगठ्याखालून निसटतो. म्हणून साखळीसाठी कापड किंचित सैल ठेवावे. फ्रेमशिवाय बोटांवर धरून भरण्याची जुनी सवय असेल, तर ती मोडण्याचे काहीच कारण नाही. काम थांबवताना फ्रेम काढून ठेवावी, कारण तिचा वर्तुळाकार वळ कापडावर बसतो.

ओळ संपली की शेवटच्या कडीच्या बाहेर, अगदी तिच्या टोकाला लागून सुई मागे घालून कडी आडव्या लहान टाक्याने बांधावी लागते. हे का करायचे, ते खताचे किंवा ढेपेचे पोते उघडताना प्रत्येकाने पाहिलेले असते. पोत्याच्या तोंडाला एकाच दोऱ्याची अशीच साखळी घातलेली असते, आणि योग्य टोक हाती लागले की ती एका ओढीत सरसर सुटून येते. साखळीतली प्रत्येक कडी फक्त पुढच्या कडीने धरलेली असते. शेवटच्या कडीला धरणारे कोणी नसेल, तर सारी ओळ मोकळी होते. याच गुणाचा उपयोगही आहे: चुकलेली ओळ कात्री न लावता, शेवटाकडून हलकेच ओढत हवी तेथपर्यंत उसवता येते.

पोथीची खूण

पहिली वस्तू पोथीत किंवा वहीत ठेवायची खूण असावी. खादीचा चार इंच रुंद आणि आठ इंच लांब तुकडा घ्यावा, त्याच्या मधल्या दोन इंचांत लांबीच्या दिशेने तीन सरळ रेघा आखाव्यात आणि त्या तीन रंगांत भराव्यात. नंतर दोन्ही बाजू मागे दुमडून मध्यभागी शिवून घ्याव्यात, म्हणजे मागची बाजू झाकली जाते, आणि दोन्ही टोकांना आडवे धागे काढून दशा सोडाव्यात.

या तीन ओळींत एकदा तरी दोरा संपतो. जुन्या दोऱ्याची शेवटची कडी घालताना सुई छिद्रातून मागे न्यावी, पण फास पुढे मोकळाच ठेवावा. मग नव्या दोऱ्याची सुई त्या फासाच्या आतून, जेथे पुढचा टाका निघाला असता तेथून बाहेर काढावी आणि त्यानंतर मागून जुना दोरा हळूच ओढून फास नव्या दोऱ्याभोवती बसवावा. दोन्ही शेपटे मागच्या टिपांखालून ओवून घ्यावीत. जोड नीट बसला तर पुढून तो शोधूनही सापडत नाही.

माठावरचा रुमाल

दुसऱ्या वस्तूत ओळ वळते. उन्हाळ्यात माठावर किंवा पाण्याच्या तांब्यावर टाकायचा आठ इंची चौकोनी रुमाल घ्यावा, त्याच्या कडेने कारल्याच्या वेलीसारखी लहरती रेघ काढावी आणि वेलीच्या प्रत्येक वळणात रुपयाच्या नाण्याने एक गोल आखावा. वळणावर तीन मिलिमीटरची कडी कोपरे पाडते. तेथे कडी दोन मिलिमीटरपर्यंत आखूड करावी आणि वळण संपले की पुन्हा मूळ लांबीवर यावे.

गोल पूर्ण करणे अनेकांना अवघड जाते, पण रीत सोपी आहे. शेवटची एक कडी घालण्याइतकी जागा उरली की सुई कापडात न घालता पहिल्या कडीच्या दोन्ही पायांखालून सरकवावी, आणि परत येऊन शेवटच्या कडीच्या आत, तिच्या छिद्रात घालावी. नवी कडी पहिलीभोवती आपोआप गुंफली जाते. रुमाल नेहमी ओला होणार आणि वारंवार धुतला जाणार, म्हणून दोऱ्याची टोके येथे अधिक काळजीने बंद करावीत आणि चार कोपऱ्यांना जड मणी किंवा जुनी बटणे लावावीत, म्हणजे वाऱ्याने तो उडत नाही.

तोरणाची पाने

दसरा-दिवाळीच्या तोरणासाठी हिरव्या पॉपलिनची आंब्याची पाने करता येतात: चार इंच लांब, दीड इंच रुंद, पाच किंवा सात. पानाची बाह्यरेषा आणि मधली शीर एवढेच भरायचे असते, त्यामुळे एका बैठकीत एक पान सहज होते. पानाच्या टोकाला साखळी सरळ वळवली तर ते गोलसर होते आणि आंब्याचे पान वडाचे दिसू लागते. टोकाची कडी आडव्या लहान टाक्याने बांधून टाकावी, सुई पुन्हा त्याच कडीच्या आतून वर काढावी आणि तेथून नव्या दिशेने साखळी सुरू करावी. हीच युक्ती चौकोनाच्या कोपऱ्यालाही चालते. भरून झाल्यावर मागे दुसरे कापड लावून पान शिवावे व उलटावे.

तान्ह्या पोळ्याची झूल

चौथी वस्तू विदर्भाबाहेरच्या वाचकाला कदाचित सुचणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि त्या नंदीच्या पाठीवर झूल लागते. बाजारात चकचकीत जरीची झूल तयार मिळते. ती वाईट नसते, परंतु बहुधा नंदीच्या मापाची नसते. आधी वर्तमानपत्राचा कागद नंदीच्या पाठीवर ठेवून, वशिंडाची जागा कापून आणि दोन्ही बाजूंना पोटाच्या मध्यापर्यंत सोडून माप काढावे. कापड लाल किंवा गडद निळी खादी असावी. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही, म्हणून पांढऱ्या किंवा पिवळ्या कार्बन कागदाने नक्षी उतरवावी.

झुलीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठे वर्तुळ काढावे आणि ते पूर्ण भरावे. भरताना बाहेरच्या रेषेपासून सुरुवात करून साखळी न तोडता आत वळत केंद्रापर्यंत न्यावी. ओळी एकमेकींना लागून असाव्यात, पण एकीने दुसरीला दाबू नये. मध्ये कापड दिसले तर ओळी विरळ झाल्या आहेत आणि भरलेला भाग वाटीसारखा फुगला तर त्या दाट झाल्या आहेत. वर्तुळाऐवजी कोयरी किंवा पान भरायचे असेल, तर प्रत्येक ओळ एकाच बाजूकडून सुरू करावी. नांगराच्या तासाप्रमाणे एक ओळ जाताना आणि एक येताना भरल्यास कड्यांची तोंडे उलटसुलट होतात, त्यांवर उजेड वेगवेगळा पडतो आणि एकाच रंगात पट्टे दिसतात. ते मुद्दाम हवे असतील तर गोष्ट वेगळी.

झुलीच्या काठाला गहू टाका शोभतो आणि साखळी जमलेल्या हाताला तो चटकन येतो. डाव्या आणि उजव्या बाजूने दोन तिरके टाके असे घालावेत की दोन्ही खाली एकाच छिद्रात मिळतील. त्या छिद्राच्या थोडे खाली सुई बाहेर काढावी, कापड न टोचता त्या दोन्ही टाक्यांखालून सरकवावी आणि जेथून निघाली तेथेच परत मागे घालावी. पुढचे दोन तिरके टाके या नव्या कडीच्या तळाशी मिळतात. ओळ पूर्ण झाली की काठावर ओंबी उभी राहते. पिवळ्या दोऱ्यात ती अधिक खुलते.

झुलीला मागून अस्तर लावावे आणि पोटाखाली बांधण्यासाठी दोन बंद शिवावेत. इस्त्री भरतकाम खाली ठेवून, घडी घातलेल्या टॉवेलवर करावी, म्हणजे कड्या चपट्या होत नाहीत. पूजेत नंदीला लागलेले हळदकुंकू झुलीवर उतरते, म्हणून पूजा होईपर्यंत झूल चढवू नये. तरीही डाग पडलाच तर थंड पाण्यात सौम्य साबणाने लगेच धुऊन, न पिळता, उलट बाजू वर करून सावलीत वाळवावी.