सॅकचं वजन कमी करताना या चुका टाळा

सॅक जड झाली की लोक आधी काय काढतात? रेनजॅकेट. मग गरम कपडा, मग टॉर्च. दर ट्रेकला हेच बघतोय आणि दर वेळी तेच सांगतोय, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

चार दिवसांच्या एका ट्रेकला आमच्यात एक नवीन मुलगा होता. सकाळी आभाळ एकदम मोकळं, म्हणून पठ्ठ्याने जॅकेट आणि फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा गरम कपडा) दोन्ही खाली गाडीतच ठेवलं आणि आम्हीही कोणी विचारलं नाही. दुपारी धारेवर पोचलो आणि पाऊस लागला, त्यात वारा. अंगात कॉटनचा टीशर्ट, चिंब. थंडी म्हणाल तर फार नाही, दहा-बारा डिग्री. अर्ध्या तासात तो कुडकुडायला लागला, जीभ अडखळायला लागली, आणि छातीवरचं बकल काही केल्या उघडेना, बोटं नुसती त्यावरून घसरत होती. ते बघून मी खरंच घाबरलो. आडोसा बघून टेंट टाकला, ओले कपडे काढले, माझं कोरडं फ्लीस चढवलं, खाली मॅट टाकून स्लीपिंग बॅगमध्ये घातलं आणि गरम गोड पाणी घोट घोट पाजलं. नीट बोलायला तास लागला. त्याच्या सॅकमध्ये कोरडं काही मिळतंय का बघितलं तर दोन पॉवर बँक, शॅम्पूची भरलेली बाटली आणि जीन्स.

हायपोथर्मियाला, म्हणजे अंगातली ऊब धोकादायक इतकी कमी व्हायला, बर्फ लागत नाही हो, ओलं अंग आणि वारा पुरतो. रेनजॅकेट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक गरम कपडा, हेडटॉर्च, फर्स्ट एड, शिट्टी, फॉइलचं ब्लँकेट (ते जेमतेम 50-60 ग्रॅमचं असतं), याला हात लावायचा नाही. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही.

मग वजन काढायचं कुठून? मी किचनमधल्या काट्यावर प्रत्येक वस्तू ठेवतो आणि वहीत लिहितो, कंटाळवाणं आहे पण दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही. खरं वजन टेंट, स्लीपिंग बॅग आणि रिकाम्या सॅकमध्येच असतं. पण म्हणून आधी हलकी सॅक घेऊ नका! आतलं सामान कमी झालं की मगच घ्या. फ्रेम (पाठीकडचा ताठ सांगाडा) नसलेल्या हलक्या सॅकमध्ये 15 किलो कोंबले की कंबरपट्टा भार घेतच नाही, सगळं खांद्यावर येतं आणि दुसऱ्या दिवशी मान धरते.

पाणी म्हणजे लिटरला एक किलो. वाटेत झरे असताना चार लिटर वाहणारे बघितलेत, आणि नकाशावर झरा दिसतोय म्हणून अर्धा लिटर घेऊन निघणारेही. या दिवसांत तिथे पाणी आहे का हे आधी विचारून घ्या, झऱ्यावर पोटभर प्या आणि पुढच्या टप्प्यापुरतं थोडं जास्तच भरा. क्लोरीनची गोळी टाकली की अर्धा तास थांबायचं म्हणजे थांबायचं, पाच मिनिटांत तोंडाला लावायची घाई कशाला?

टेंट, स्टोव्ह, भांडी ग्रुपमध्ये वाटून घ्या, टॉर्च आणि जॅकेट मात्र ज्याचं त्याच्याकडे. औषधाची स्ट्रिप कापताना नाव आणि एक्सपायरी शाबूत ठेवा. एका वेळचं खाणं जास्तीचं असू द्या.

आणि घरी आल्यावर सॅक रिकामी करताना न वापरलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग करा. पुढच्या वेळी तो घरी राहील, त्यातलं फर्स्ट एड, फॉइल, रेनजॅकेट असं वर सांगितलेलं हात न लावायचं सामान सोडून.