हॅमर मनगटावर, नजर बोटांवर

खानदेशात ऑर्थो किंवा मेडिसिनच्या ओपीडीत इंटर्न म्हणून बसलात की "हातले मुंग्या येतस" हे रोज कानावर येणार. पेशंट बहुतेकदा मधुमेही, खिशात बी-१२च्या गोळ्या, आणि 'मणक्यात गॅप' हे निदान तो स्वतःच सांगून मोकळा होतो. रांग दारापर्यंत गेलेली असते, त्यामुळे मनगट दाबून बघावं, कार्पल टनेल लिहावं आणि पुढचा नंबर पुकारावा असं वाटतं. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कॉलेजांत नव्याने आलेल्यांना माझं सांगणं आहे की त्याआधी हॅमर, म्हणजे रिफ्लेक्स तपासायची रबरी हातोडी, काढा.

कार्पल टनेलमध्ये नस मनगटात दबलेली असते, त्यामुळे बायसेप्स, सुपिनेटर आणि ट्रायसेप्स हे रिफ्लेक्स, म्हणजे ठोक्याला स्नायूने आपोआप दिलेल्या उसळ्या, त्याने बिघडत नाहीत. बिघडलेले दिसले तर मानेकडे वळा. बायसेप्स सी ५–सी ६चा, म्हणजे मानेतल्या पाचव्या-सहाव्या नसेच्या पातळीचा, सुपिनेटरही त्याच पातळीचा पण भर सी ६वर, ट्रायसेप्स मुख्यतः सी ७चा. हे सगळ्यांना पाठ असतं. नजर कुठे ठेवायची ते मात्र ओपीडीतच शिकावं लागतं.

सुपिनेटरसाठी मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर ठोका मारला की एरवी कोपर वाकतं. सी ५–सी ६पाशी मज्जारज्जू दबला असेल तर कोपर ढिम्म राहतं आणि बोटं मात्र झटकन मिटतात. हा उलटा सुपिनेटर, फ्रेंच मज्जातज्ज्ञ बाबिन्स्कीने १९१०मध्ये वर्णन केलेला. ठोक्याचा निरोप मज्जारज्जूत जाऊन स्नायूकडे परततो, ते त्या पातळीवरचं वर्तुळच तुटलेलं असतं, म्हणून कोपर हलत नाही. बोटं मिटवणारे स्नायू त्याखालच्या पातळीचे, त्यांच्यावरचा मेंदूचा लगाम सुटलेला असतो, म्हणून ठोक्याच्या हादऱ्यानेच ते उसळतात. दाब नेमका कुठे आहे याचा अंदाज एमआरआयच्या आधी, तोही फुकटात मिळतो. नुसत्या कोपराकडे बघत बसलात तर 'रिफ्लेक्स नाही' एवढंच लिहाल.

मधल्या बोटाचं टोक खाली दाबून पटकन सोडल्यावर अंगठा आत वळला तर तो हॉफमन, मज्जारज्जूवर दाब असल्याची आणखी एक खूण. पण एखाद्या घाबरट तरुण पोराचे सगळेच रिफ्लेक्स तेज असतात, त्याचाही अंगठा वळतो. एकाच हाताला असेल तर जास्त गांभीर्याने घ्या. जबड्याचा रिफ्लेक्सही तपासा. तोही उसळत असेल तर बिघाड मानेच्या वर शोधावा लागेल.

हात सैल पडणं ही अर्धी परीक्षा. आजोबा दंड आवळूनच बसतात. त्यांना केळीचा भाव विचारा. रावेर-यावलकडचा माणूस व्यापाऱ्यांवर बोलायला लागला की हाताचं विसरतो! रिफ्लेक्स येतच नसेल तर दात आवळायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका मारा.

प्रश्नही इथल्या कामाचे विचारा. शर्टाचं बटन लागतं का? भाकरी थापता येते का? बोंडातला कापूस पूर्वीसारखा झटपट वेचता येतो का? चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, असं होतं का? मान दुखत नाही म्हणून मानेला क्लीन चिट देऊ नका; मज्जारज्जू दबलेल्या कित्येकांची मान दुखतच नाही. उलट मधुमेहात नसाच मंदावलेल्या असतील तर उसळायला हवेत ते रिफ्लेक्सही झाकले जातात, तेव्हा चाल बघितल्याशिवाय पेशंट सोडू नका.

संशय आला तर मानेचा एमआरआय आणि स्पाइन सर्जनचं मत. चाल झपाट्याने बिघडत असेल तर पुढची तारीख न देता त्याच दिवशी सीनियरला दाखवा. तोवर मानेला ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून ताण देणं, नको, आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घ्यायची नाही हे पेशंटला बजावून सांगा, कारण ते तो हमखास करतो.

केसपेपरवर 'रिफ्लेक्स नॉर्मल' असं एका ओळीत उरकू नका. तिन्ही वेगवेगळे, डावा-उजवा वेगळा लिहा, आणि बोटं मिटली का तेही लिहा. पेशंट पुढच्या वेळी आला की सर्जन पहिल्यांदा तेच विचारतो.