सरत्या हिवाळ्यात स्नोशू घालून डोंगर चढताना

स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, घालून चालणे फारसे अवघड नाही. सपाट जागेवर अर्ध्या तासात पावले जुळतात. हिवाळा सरताना खरी कसोटी वेळेच्या हिशेबाची असते. या दिवसांत दुपारच्या उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे पहाटे वजन सहज पेलणारी वाट दुपारी मांडीपर्यंत आत घेते. म्हणून निघण्याची वेळ परतीच्या वेळेवरून ठरवावी. ऊन थेट पडणाऱ्या उतारांवरून दुपारपूर्वी खाली यायचे असेल, तर बहुधा उजाडण्याआधी, डोक्याला टॉर्च बांधूनच निघावे लागते. रात्रभर आभाळ ढगाळ राहिले असेल, तर जमिनीची उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि बर्फ पुरेसा गोठत नाही. अशा सकाळी बेत आखडता घ्यावा.

डोंगरासाठी तळाला आणि दोन्ही कडांना धातूचे दाते असलेले स्नोशू घ्यावेत. गोल नळीच्या चौकटीचे, सपाट मैदानासाठी बनवलेले स्नोशू कडक बर्फाच्या आडव्या उतारावर सटकतात. आकार निवडताना शरीर, कपडे आणि पाठीवरची सॅक यांचे एकत्र वजन धरावे. मात्र या काळातला बर्फ दाट असल्याने आकार थोडा लहान असला तरी चालतो. चालायला लागल्यावर दहा मिनिटांनी पट्टे पुन्हा आवळावेत, कारण ते हमखास सैल पडतात. काठ्यांना रुंद चकत्या असाव्यात आणि बुटांवर गेटर (बर्फ आत जाऊ न देणारी, पोटरीपर्यंतची आवरणे) चढवावेत.

पावले नेहमीपेक्षा थोडी फाकवून टाकावीत. मागे पाऊल घेऊ नये. स्नोशूचे शेपूट रुतते आणि तोल जातो, म्हणून वळताना लहान लहान पावलांनी गोल फिरावे. चढावर बुटाचे टोक बर्फात रोवून पायरी करावी आणि टाचेखालची पट्टी उभी करावी, म्हणजे पोटऱ्यांवरचा ताण पुष्कळ कमी होतो. उतरताना गुडघे किंचित वाकवून पूर्ण तळवा टेकवावा; भीतीने मागे रेलले की दात्यांची पकड सुटते. उतार आडवा कापणे हा स्नोशूचा कच्चा दुवा आहे. जिथे पाय घसरल्यास थांबता येणार नाही, तिथे स्नोशूवर विसंबू नये. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे अणकुचीदार धातूचे दाते) आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) वापरता येत नसतील, तर तिथूनच परतावे.

हिमस्खलनाचा विचार मात्र घरातूनच सुरू व्हायला हवा. बर्फाच्या पाट्या, म्हणजे एकसंध सुटणारे थर, बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारांवरून सुटतात, आणि आपली वाट सौम्य असली तरी वरचा उतार तसा असू शकतो, हे नवखे लोक हटकून विसरतात. जिथे धोक्याची सूचना पाच पायऱ्यांत दिली जाते, तिथे तिसरी पायरी मधली म्हणून मध्यम समजू नये. तिचा अर्थ धोका लक्षणीय आहे असाच होतो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पायाखाली धप्प असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर त्या उतारावर आणखी एकही पाऊल टाकू नये. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून पाहायची शोधकाठी आणि फावडे असावे आणि तिन्हींचा सराव केलेला असावा, कारण गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते.

बर्फ प्रखर उजेड परावर्तित करतो, म्हणून बाजूंनी झाकलेला गॉगल ढगाळ दिवशीही काढू नये. कड्यावर वाऱ्याने साठलेल्या बर्फाचे छज्जे अधांतरी असतात; कडेपासून बरेच आत चालावे. ओढ्यांवरचे बर्फाचे पूल खालच्या वाहत्या पाण्याने पोखरलेले असतात. सकाळी ज्या पुलावरून आपण आलो, तो दुपारी पेलेलच असे नाही. त्यामुळे ओढा ओलांडण्याची दुसरी जागा जातानाच हेरून नकाशावर टिपून ठेवावी.