दिवा निळा, तरी पाण्यात जंतू

घरातल्या, अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करणाऱ्या यूव्ही यंत्राचा दिवा रोज निळा दिसायचा, त्यामुळे माझा त्यावर पूर्ण भरवसा होता. महिन्याभरात मुलीचं पोट दुसऱ्यांदा बिघडलं, तेव्हा जंतू तपासायची बाटली आणून यंत्रातलं पाणी तिच्यात भरलं. दुसऱ्या दिवशी ते काळं झालं, म्हणजे त्यात जंतू होते. मला धक्काच बसला. त्या दिवसापासून पाणी उकळूनच प्यायलो.

प्लग काढला, पाणी बंद केलं आणि दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी बाहेर काढली. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर! जंतूंचा डीएनए बिघडवणारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. आपल्याला दिसतो तो निळा उजेड वेगळा. खरे किरण त्या थरातच अडकत होते. शिवाय दिवा दोन वर्षं जुना. असे दिवे सतत चालू असले तर साधारण वर्षभरच, म्हणजे ९००० तासांच्या आसपास, पुरेसे किरण देतात.

नळी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात ठेवली, थर विरघळला. (फुटली तर साध्या काचेची बसवू नका, तिच्यातून हे किरण जात नाहीत.) बोटांचे डाग पडू नयेत म्हणून नवा दिवा हातमोजे घालून बसवला. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला वाचतात, म्हणून गाळणीही बदलली. झाकण बंद केल्याशिवाय दिवा मात्र लावू नका, डोळ्यांना इजा होते.

यूव्हीचा परिणाम साठवलेल्या पाण्यात टिकत नाही, म्हणून पिंपही उकळत्या पाण्याने धुतलं. मग पुन्हा तपासणी केली. या वेळी बाटली काळी पडली नाही.