गेम खेळताना संगणक बंद पडतो? या चुका टाळा

गेम ऐन रंगात आलेला असताना संगणक बंद पडला, की बहुतेक जण एकाच बैठकीत ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) बदलतात, बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) सेटिंग हलवतात आणि तरीही भागले नाही तर विंडोज नव्याने टाकतात. एवढे सगळे एकदम बदलल्यावर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. त्याआधी पाहायला हवे ते एवढेच, की संगणक नेमका कसा बंद पडला. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, निळा स्क्रीन आला, स्क्रीन काळा होऊनही आवाज चालू राहिला, की वीज गेल्यासारखे सगळेच क्षणात थांबले? यातील प्रत्येक लक्षणाचा रोख वेगळ्या भागाकडे असतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींची नोंदवही दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्या वेळेच्या नोंदी सापडतात, पण त्या वाचतानाही गल्लत होते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण पॉवर सप्लाय बिघडला असे ठरवून टाकतात. प्रत्यक्षात संगणक नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढेच ती सांगते; कारण सांगत नाही. ‘डिस्प्ले ४१०१’ ही नोंद मात्र ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते असे दाखवते, तर ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (विंडोजने टिपलेल्या हार्डवेअर त्रुटींच्या) नोंदी दिसल्या तर हार्डवेअरकडे वळावे.

उष्णतेला दोष देण्याची घाई करू नये. आजचे प्रोसेसर तापू लागले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, त्यामुळे उष्णतेचा त्रास बहुधा गेम अडखळण्यातून आधी जाणवतो. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर तर जोराच्या कामात ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जातील अशाच रीतीने बनवलेले आहेत. म्हणून गेम चालू असतानाचे तापमान मोजून, त्या प्रोसेसरच्या ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे.

कोणताही इशारा न देता संगणक बंद होत असेल, तर माझा पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर असतो. ग्राफिक्स कार्ड काही क्षण सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि तेवढ्यात पॉवर सप्लायची सुरक्षा यंत्रणा पुरवठा तोडते. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा ८ पिनांचा प्रत्येक जोड (कनेक्टर) १५० वॉटसाठी ठरवलेला असतो. कार्डाला असे दोन जोड लागत असतील तर एकाच केबलच्या दोन टोकांऐवजी दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. मात्र दुसऱ्या पॉवर सप्लायची सुटी केबल कधीही वापरू नये, कारण टोके जुळली तरी आतील तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकते.

रॅमबाबतची चूक सहज नजरेआड होते. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधील तयार सेटिंग) चालू करणे हे खरे तर ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच, आहे, पण खोक्यावर तोच वेग छापलेला असल्यामुळे त्याविषयी शंका येत नाही. ती सेटिंग बंद करून काही दिवस खेळून पाहावे, आणि मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. रॅमची एकेक पट्टी वेगळी लावून तपासावी.

त्रुटीचा संदेशही शब्दशः घेऊ नये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असे, आणि तेव्हा अनेक गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश दाखवत. तो वाचून चांगले ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा मोह होई, पण दोष प्रोसेसरचा होता. २०२४ मध्ये इंटेलने बायोस अपडेटमधून सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनासंच) दिला आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे असा प्रोसेसर आहे त्यांनी हे अपडेट आजच करावे. मात्र आधीच झालेली हानी त्याने भरून येत नाही, म्हणून त्यानंतरही गेम बंद पडत राहिला तर वॉरंटीखाली प्रोसेसर बदलून मागावा.