दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

मुंबई-दिल्ली अंतर रेल्वेने सुमारे 1,385 किलोमीटर भरतं, तर आकाशातून साधारण 1,140. विमान तासाला आठशे किलोमीटरच्या वर धावतं, तरी तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ दिसतो. असं का, हे समजलं की कुठल्याही दोन शहरांचा हिशेब घरी बसून मांडता येतो.

1. आधी विमानतळ पक्का करा. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत. त्यांचे कोड जीओआय आणि जीओएक्स. मोपा थेट उत्तरेला पेडण्यात आहे. काणकोणला जाणाऱ्याने मोपाचं स्वस्त तिकीट घेण्याआधी टॅक्सीचं भाडं विचारावंच.

2. अंतर मोजा. गूगल मॅप्सवर एका विमानतळावर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत रेषा न्या. मुंबई-लंडनची रेषा नकाशावर वाकलेली दिसेल. पृथ्वी गोल असल्यामुळे तोच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 7,200 किलोमीटरचा. आकडा नॉटिकल मैलांत मिळाला तर 1.852 ने गुणा.

3. किलोमीटरला 800 ने भागा आणि 45 मिनिटं मिळवा. दिल्लीसाठी 1,140 भागिले 800 म्हणजे साधारण 85 मिनिटं. त्यात 45 मिळवली की दोन तास दहा मिनिटं. ही 45 मिनिटं महत्त्वाची. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि उतरतानाचा कमी वेग, सगळं त्यात येतं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यात तर विमानांना बराच वेळ वर घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून अशा विमानतळासाठी आणखी थोडा वेळ धरावा.

4. लांबच्या प्रवासात वारा बघा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. त्यामुळे लंडनला जायला जास्त वेळ लागतो आणि परतताना बहुधा तासभर वाचतो. वळसाही विचारात घ्या: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणं लांबली.

5. घड्याळ जुळवा. तिकिटावर दोन्ही ठिकाणची स्थानिक वेळ असते. समजा हिवाळ्यात मुंबईहून पहाटे 2 ला निघून लंडनला सकाळी 7 ला पोहोचायचं आहे. घड्याळात पाच तास दिसतात. त्यात साडेपाच तासांचा फरक मिळवला की प्रवास साडेदहा तासांचा निघतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हाच फरक साडेचार तासांचा असतो. आईवडील पहिल्यांदा परदेशी निघाले असतील, तर पोहोचण्याची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणेही त्यांच्या कागदावर लिहून द्या. औषधांच्या वेळा त्यावरून ठरवता येतात.